प्रीती हा शब्द कुणाचा

बन्सीनं पहिल्या फळीला करवत लावली तेव्हा ओसरीवरून त्याचे आबा, पुंजाराम मास्तर, म्हणाले, “पेटी उथळच कर. भिंतीबाहेर सगळा मुरूम आहे, खोल खणता यायचं नाही.”

करवत थांबली. बन्सी एस.टी.च्या वर्कशॉपात सुतार होता, बसच्या बाकड्यांच्या फळ्या कापण्यात त्याची तीन वर्षं गेली होती. आज पहाटे गेलेल्या अकरा दिवसांच्या लेकीसाठी पेटी करायला तो बसला होता. आणि ती पेटी कुठल्या जमिनीत जाणार, हे त्याला असं मापासोबत सांगण्यात येत होतं.

“कोणत्या भिंतीबाहेर?” त्यानं विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

“कब्रस्तानाच्या,” पुंजाराम मास्तर म्हणाले. “तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. नियम तुला ठाऊक आहे.”

नियम छावणीतल्या प्रत्येक ख्रिस्ती घराला ठाऊक होता, कारण तो मास्तरांनीच केला होता. पोलीस ॲक्शननंतर पांगलेली मंडळी परत गोळा झाली त्या वर्षी, पंचांच्या पहिल्याच बैठकीत मास्तरांनी तो मांडला. बाप्तिस्मा न झालेल्या देहाला भिंतीच्या आत जागा नाही. तेव्हाचे चर्चचे पाळकसाहेबसुद्धा चाचरले होते. म्हणाले होते, पुस्तकात प्रार्थना म्हणू नये एवढंच आहे, जागा देऊ नये असं कुठं आहे? पण मास्तर अडून बसले. मंडळीचे उपदेशक ते, पंचांचे मुख्य ते, आणि मास्तर एकदा अडून बसले की त्यांना उठवायची छावणीत कुणाची छाती नव्हती. आताचे पाळकसाहेब गंगापूरकडच्या खेड्यांत फेरीला गेले होते, ते शनिवारी संध्याकाळी येणार. आज शुक्रवार. मे महिन्याच्या उन्हात लेकराला तोवर ठेवणं शक्य नव्हतं. कब्रस्तानाची किल्ली मास्तरांच्या कमरेला होती.

बन्सीची बायको मार्था आतून बाहेर आली. बाळ तिच्या हातात होतं, शहागंजातून सकाळी आणलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं. ती ओसरीच्या पायरीवर उभी राहिली आणि सासऱ्याकडे बघत, आवाज न चढवता बोलू लागली.

“मी तिसऱ्याच दिवशी म्हणले व्हते, मामा. लेकरू दूध वढत नाय, बाप्तिस्मा देऊन टाका. तुमी म्हणलात, रविवारी बिशपसाहेब येणार हायेत, त्यांच्या हातून व्हईल. माझ्या चाळीस वर्षांच्या सेवेचा दिवस हाय, त्याच दिवशी नातीचा बाप्तिस्मा, शोभंल. शोभंल म्हणलात.”

“मार्था, आत जा. तू बाळंतीण आहेस.”

“काल दिवे लागताना तिचा श्वास घरघरायला लागला, तवा मी पाण्याचा तांब्या तुमच्या पायाशी आणून ठेवला. तुमी तिच्या छातीवर हात ठेवला अन् म्हणलात, आता नीट चाललाय, रविवार काय लांब नाय. तांब्या तिथंच हाय. बघा.”

तांब्या खरंच तिथं होता, ओसरीच्या खांबाशी, तोंडावर झाकण घातलेला. रात्रभर तो कुणी हलवला नव्हता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मास्तरांच्या घरात एक रीत होती, छावणीत दुसऱ्या कुठल्याच घरी नव्हती. मास्तरांनी घरातल्या प्रत्येकाला देवाचा एक गुण नेमून दिला होता. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ते विचारायचे, “देव कसा आहे?” आणि ज्यानं त्यानं आपापला शब्द म्हणायचा. त्यांच्या पत्नी सरूबाई म्हणायच्या, “देव दयाळू आहे.” थोरला मुलगा बद्रीनाथ म्हणायचा, “देव न्यायी आहे.” बन्सी म्हणायचा, “देव सर्वसमर्थ आहे.” दोन वर्षांपूर्वी मार्था लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मास्तरांनी तिला शब्द दिला, अविकारी. तिनं रात्री नवऱ्याला अर्थ विचारला. तो म्हणाला, जो कधी बदलत नाही तो. ती म्हणाली, मग आबांसारखा. दोघं हसले होते.

एक शब्द मात्र कुणाकडे नव्हता. देव प्रीती आहे, हे त्या घरात अठरा वर्षं कुणी म्हटलं नव्हतं. तो शब्द आमोसचा होता. आमोस म्हणजे बन्सीच्या पाठचा, रझाकारांच्या धामधुमीत घर सोडून पळताना वाटेवर महिन्याचा होऊन गेलेला. रविवारी तो शब्द नातीला मिळणार होता. मास्तरांनीच तसं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

बन्सीनं करवत खाली ठेवली. “आबा, माझा शब्द कोणता?”

“या वेळी हे नको.”

“सर्वसमर्थ. बोलायला लागलो तवापास्नं रोज म्हणतोय. मंग त्या सर्वसमर्थ देवाला ही कमरेएवढी भिंत वलांडता येत नाय व्हय?”

“देवाला येते,” मास्तर म्हणाले. त्यांची भाषा मिशनच्या शाळेतली, रागातसुद्धा तिची घडी मोडत नसे. “आपल्याला येत नाही. आपण आज्ञेखाली आहोत. ती कुठं आहे हे त्याच्या हाती आहे. तिला कुठं ठेवायचं एवढंच आपल्या हाती आहे, आणि ते नियमानं होईल.”

“नियम तुमचा हाय. त्याचा नाय.”

बद्रीनाथ इतका वेळ दारात उभा होता. जिल्हा कचेरीत कारकून, पंचांचा चिटणीस, आणि बापाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला. तो म्हणाला, “बन्सी, जरा विचार कर. तीन वर्षांपूर्वी कडूबाचं पोरगं गेलं, दोन दिवसांचं. आपण त्याला बाहेर पुरायला लावलं. मी स्वतः चिठ्ठी घेऊन गेलो होतो त्याच्या घरी. आज आपल्या घरचं लेकरू आत नेलं तर कडूबाला काय तोंड दाखवायचं?”

“तवाबी ते चुकीचंच व्हतं.”

“मग तेव्हा बोलायचं होतंस.”

तेव्हा बन्सी बोलला नव्हता. त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती, वर्कशॉपात नोकरी नुकती लागली होती आणि कडूबाचं पोरगं कडूबाचं होतं. आता त्याला बापाचा जेवढा राग आला होता तेवढाच स्वतःचाही आला, आणि त्यानं तो फळीवर काढला. करवत अशी चालली की शेजारची माणसं अंगणात डोकावली.

पेटी त्यानं उथळ केली नाही.

*

सरूबाई चुलीपाशी बसून होत्या. सकाळपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. या घरात त्यांच्या गप्प बसण्याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मास्तर आतल्या खोलीत गेले, प्रार्थनेचं पुस्तक घेऊन खाटेवर बसले, तेव्हा त्या उठल्या, त्यांच्या मागोमाग आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

“आमोसला आत कसं पुरलं?” त्यांनी विचारलं.

मास्तरांनी मान वर केली. “हे आज काय काढलंस?”

“सांगा ना.”

“त्याचा बाप्तिस्मा झाला होता. मी दिला होता, नाल्याच्या पाण्यानं. पोलीस ॲक्शन झाल्यावर त्याला बिडकीनच्या वाटेवरून काढून आणला, कब्रस्तानात ठेवला, दगड बसवला. तुला सगळं ठाऊक आहे.”

“नाल्याला पाणी नव्हतं.”

खोलीत उकाडा होता. बाहेर बन्सी खिळे ठोकत होता, आणि दोन ठोक्यांच्या मधे सरूबाईंचा आवाज नीट ऐकू येत होता.

“असंच ऊन व्हतं. बन्सी पाण्यासाठी रडत व्हता. तुमी लिंबाखाली आमोसला घेऊन बसला व्हता, म्हून मीच आधी नाल्यात उतरले. कोपरापत्तोर वाळू उकरली हातानं. ओल लागली नाय. बन्सीच्या व्हटाला थुका लावला अन् परत आले. मंग तुमी गेला आमोसला घेऊन. आलात तवा ते गेलेलं व्हतं. म्हणलात, बाप्तिस्मा दिलाय, काळजी करू नको.”

“सरू.”

“त्याच्या टाळूवर धूळ व्हती. वाट चालताना बसलेली, तशीच्या तशी. पाण्याचा थेंब पडला असता तर तेवढी जागा तरी धुतली असती. मीच पुसली ती धूळ, पदरानं.”

मास्तरांच्या हातातलं पुस्तक मिटलं. ते म्हणाले, “मग बोलली का नाहीस?”

“तुमी रडत व्हता. लग्नाला बारा वर्षं झाली व्हती, तुमाला रडताना मी कधी पाह्यलं नव्हतं. मला वाटलं, असू दे. देव दयाळू हाय, माझाच शब्द हाय तो. लेकरू त्याच्यापाशी पोचलंय, तिथं कोण पाणी इचारतंय? पण तुमी घरी येऊन त्याच्यावर नियम केला. मला तवा कळलंच नाय, कामून. मंग कळलं. आत सगळे बाप्तिस्म्याचेच हायेत असा नियम असला म्हंजी आमोसबद्दल कोण इचारणार?”

“देवाशी मी खोटं बोललो नाही,” मास्तर म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. “त्याला ठाऊक होतं. तुझ्याशी बोललो. तू वाटेत कोसळली असतीस.”

“मी कोसळले नाय. त्या लबाडीबद्दल मी तुमाला कधीच माफ केलंय. पण कडूबाची बायको भिंतीबाहेर दगडावर डोकं आपटत व्हती, तवा तुमी किल्ली हातात घेऊन उभे व्हता. अन् मी तुमच्या मागं गप उभी व्हते. ते माझं पाप हाय, ते मी भोगीन. आज माझ्या नातीला टाकू देणार नाय.”

“आता सांगितलं तर चाळीस वर्षं…” मास्तर अडखळले. “रविवारी बिशपसाहेब येणार. सगळे येणार.”

“तुमच्या सेवेच्या दिवसाच्या खुर्च्या आल्यात म्हून?”

मास्तरांनी मान खाली घातली. मग एकदम चिडून म्हणाले, “जा, तूच सांग सगळ्यांना. उभं कर मला चव्हाट्यावर.”

“मी नाय सांगणार,” सरूबाई म्हणाल्या. “अठरा वर्षं मी तुमचं झाकलं. आता उघडायचं कामबी माझ्याच गळ्यात घालू नका.”

त्यांनी दार उघडलं तर समोर बद्रीनाथ. त्याच्या हातात पंचांची नोंदवही होती. दफनाची नोंद कशी लिहायची हे विचारायला तो आला होता आणि दाराशीच थांबला होता. मायलेकांची नजर भेटली. सरूबाई बाजूनं निघून गेल्या.

बद्रीनाथ तिथंच उभा राहिला. दर ईस्टरच्या आधी कब्रस्तानातल्या दगडांना चुना द्यायचं काम तो पोरवयापासून करत आला होता आणि सुरुवात नेहमी आमोसच्या दगडापासून करायचा. त्यावरच्या ओळी त्याला पाठ होत्या. कडूबाच्या दारात चिठ्ठी घेऊन जाताना त्याला वाटलं होतं, आपण कठोर आहोत पण न्यायी आहोत. तोच तर शब्द दिला होता बापानं. आता त्याला तो शब्द म्हणजे बापानं आपल्या हाती दिलेली काठी वाटली, दुसऱ्याच्या पाठीत घालायला दिलेली.

“आबा,” तो खोलीत न शिरताच म्हणाला, “मी आज काही लिहिणार नाही.” वही त्यानं उंबऱ्यावर ठेवली.

*

ऊन कलल्यावर पेटी निघाली. बाळंतिणीनं कब्रस्तानात जाऊ नये असं शेजारच्या बायकांनी मार्थाला सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. बाळाला पेटीतही ठेवू दिलं नाही. पेटी बन्सीच्या खांद्यावर रिकामी, आणि बाळ तिच्या हातात, अशी ती चालत आली.

कब्रस्तान छावणीच्या कडेला, खाम नदीच्या बाजूला. भोवती दगडी भिंत, एका ठिकाणी लोखंडी फाटक, त्याला कुलूप. भिंतीच्या बाहेर, बाभळीखाली, मातीचे चार-पाच लहान उंचवटे होते. नावं नव्हती. त्यातल्या एकावर गोल दगड रचलेले होते. ते कडूबानं रचले होते.

कडूबा आधीच येऊन उभा होता. तो गवंडी. ही भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळली तेव्हा त्यानंच ती परत बांधली होती, मंडळीची सेवा म्हणून, मजुरी न घेता. आताही खड्डा खणायला तो स्वतःची पहार आणि फावडं घेऊन आला होता. त्याच्या मागं मंडळीतली वीस-पंचवीस माणसं. सगळे कशासाठी आले आहेत हे मार्थाला कळत होतं. मास्तर आपल्या नातीला कुठं ठेवतात, हे त्यांना बघायचं होतं.

“कुठं खणू, मास्तर?” कडूबानं विचारलं. आदबीनं विचारलं, आणि त्या आदबीत तीन वर्षांचा राग होता.

मास्तर फाटकाला पाठ लावून उभे होते. पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर काळी टोपी, किल्ली उजव्या मुठीत. त्यांनी बद्रीनाथकडे पाहिलं. अशा वेळी नियम वाचून दाखवायचं काम बद्रीनाथचं. बद्रीनाथ जमिनीकडे बघत राहिला. त्यांनी सरूबाईंकडे पाहिलं. त्यांची नजर आत, एका चुन्यानं माखलेल्या लहानशा दगडावर होती.

मार्था पुढं झाली. आपण काय बोलणार आहोत हे तिलाही ठाऊक नव्हतं. सकाळपासून तिच्या मनात शिव्याच होत्या, माहेरच्या गावातल्या, या घरात कधी न उच्चारलेल्या. त्यातली एखादी तोंडातून निघणार असं तिला वाटत होतं. पण सासऱ्याच्या समोर, मूल हातात घेऊन, ती म्हणाली ते वेगळंच.

“मामा, देव कसा हाय?”

लोकांत चुळबुळ झाली. हा प्रश्न मास्तरांचा. विचारायचा त्यांनी, उत्तर द्यायचं दुसऱ्यांनी. आजवर त्यांना तो कुणी विचारला नव्हता.

“रोज आमाला इचारता. आज तुमी सांगा. माझा शब्द सांगू नका, यांचाबी सांगू नका. आत्यांचा नको, भाऊजींचा नको. तुमचा सांगा.”

मास्तरांचे ओठ हलले. मार्थाला वाटलं, आता ते पुस्तकातलं काहीतरी म्हणतील, पवित्र, अनादि, अनंत, त्यांच्याकडे काय कमी होते शब्द. पण ते वाटून टाकलेले किंवा छापलेले होते. स्वतःच्या वाट्याला त्यांनी एकही ठेवला नव्हता. ती बघत राहिली. तिला त्यांची दया आली नाही.

“नाला कोरडा होता,” मास्तर म्हणाले.

“काय?” बन्सी म्हणाला.

“बिडकीनच्या वाटेवरचा नाला. त्यात पाणी नव्हतं. आमोसचा बाप्तिस्मा झालेला नाही.” त्यांनी हे मार्थाला सांगितलं नाही, तिच्या डोक्यावरून मागच्या माणसांना सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं मोठ्यानं. “मी झाला म्हणून सांगितलं. त्याला आत पुरलं. आणि मग हा नियम केला.”

कुणीतरी “येशू” म्हणालं आणि थांबलं. मास्तरांनी किल्ली कुलपाकडे नेली.

कडूबा त्यांच्या अगदी जवळ आला. “मंग माझं पोरगं बाहेर कामून हाय, मास्तर?”

मास्तर थांबले.

“दोन दिसांचं व्हतं. मी तुमच्या पाया पडलो. माझी बायको पडली. तुमी मला काय सांगितलं, आठवतंय का? म्हणलात, कडूबा, देव बदलत नाही. मी घरी जाऊन तिला तेच सांगितलं. तिनं त्या दिवसापास्नं मंडळीच्या देवळात पाय ठेवला नाय. अन् तुमचं आत हाय? दगड बसवून?”

“कडूबा, मी…” मास्तरांनी हात जोडले. किल्ली दोन्ही तळव्यांच्या मधे होती. “मला क्षमा कर.”

“ते तुमच्या देवापाशी मागा,” कडूबा म्हणाला.

त्यानं पहार उचलली. क्षणभर मार्थाला वाटलं, हा म्हातारबाला मारणार. बन्सीलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं पेटी खाली ठेवली. पण कडूबा फाटकापासून वळला, भिंतीच्या कडेनं चालत बाभळीपाशी गेला, गोल दगडांच्या उंचवट्यासमोर थांबला. भिंतीचा कुठला दगड कशावर टेकलाय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं पहारीचं टोक वरच्या थरात घातलं आणि सगळा भार दिला. पहिला दगड आतल्या बाजूला पडला. मग दुसरा.

बद्रीनाथ आधी गेला. कचेरीच्या शर्टाच्या बाह्या वर करून त्यानं सुटलेले दगड हातांनी ओढायला सुरुवात केली. मग बन्सी गेला. मग मागच्या माणसांतले दोघं-तिघं, ज्यांचे बाकीचे उंचवटे होते ते. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी प्रार्थना केली नाही. दगड पडत होते, धूळ उडत होती, आणि बाभळीखालची जमीन आणि आतली जमीन हळूहळू एक होत होती.

पाय ठेवण्याइतकी वाट झाली तेव्हा सरूबाईंनी मार्थाच्या कोपराला धरलं. “चल,” त्या म्हणाल्या. “आमोसच्या शेजारी जागा हाय.”

दोघी मास्तरांच्या समोरून गेल्या. सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. सरूबाईंनी पाहिलं, पण थांबल्या नाहीत. पडलेल्या दगडांवरून जपून पाय टाकत मार्था बाळाला घेऊन आत उतरली.

आत खणायला लागल्यावर सरूबाईंनी चुना दिलेल्या दगडावर हात ठेवला आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, “देव प्रीती आहे.” अठरा वर्षांनी म्हटलेला तो शब्द फाटकापर्यंत ऐकू गेला.

फाटकाला कुलूप तसंच होतं. किल्ली मास्तरांच्या मुठीत होती आणि ती कुणी मागितली नाही.